आरएक्सचा सायलेन्सर कापू नका

दर दोन-चार महिन्यांनी ही बातमी वाचायला मिळतेच. कुठल्या ना कुठल्या शहरात पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडले आणि त्यांवरून रोडरोलर फिरवला. फोटो बघून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? आमच्याही गल्लीत रात्री अकराला एक वीर फटफटत जातो. पण मला दर वेळी दुसराच प्रश्न पडतो. या पोरांनी गाडीचा मूळ सायलेन्सर काढून कुठे टाकला असेल? बहुतेक भंगारात, किलोच्या भावाने. गाडी टू-स्ट्रोक असेल तर त्यांनी इंजिनाचा अर्धा भाग किलोवर विकला, आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही.

हे आत्ता आठवायचं कारण माझा भाचा. महिन्यापूर्वी त्याचा फोन आला, "मामा, आरएक्स मिळतेय! ९२चं मॉडेल, कागद क्लिअर, आणि मालकाने सायलेन्सर मोकळा केलाय. पिकअप बघाच तुम्ही." आरएक्स म्हणजे यामाहाची आरएक्स १००, जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल. मोकळा म्हणजे आतली जाळी काढलेली आणि शेपटाकडची नळी कापून रुंद केलेली. भाच्याचं तर्कशास्त्र सरळ होतं. धूर जितका विनाअडथळा बाहेर पडेल तितकी गाडी पळेल. चोंदलेल्या नाकाने माणूस धावू शकतो का?

फोर-स्ट्रोकला हे काही अंशी लागू पडतं. टू-स्ट्रोकमध्ये मात्र याच्या जवळजवळ उलट घडतं, आणि ते ज्या रीतीने घडतं ती यंत्रशास्त्रातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे. तेव्हा थोडी पाल्हाळ होईल.

शोषण, संपीडन, ज्वलन, उत्सर्जन हे चार टप्पे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेले असतात. फोर-स्ट्रोक इंजिन त्यासाठी क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन फेऱ्या घेतं. टू-स्ट्रोक सगळं एकाच फेरीत उरकतं. त्यात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या कोरलेल्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि वरखाली जाणारा पिस्टनच त्या उघडतो, झाकतो. पिस्टनखालची क्रँककेसची पेटी पंपाचं काम करते. पिस्टन वर जाताना ती पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढते, आणि तो खाली येताना तेच मिश्रण दाबून बाजूच्या वाटांनी, म्हणजे ट्रान्सफर पोर्टमधून, वर सिलिंडरमध्ये पाठवते. १८९०च्या सुमारास ब्रिटनमध्ये जोसेफ डे याने बसवलेली ही युक्ती. दर फेरीला एक स्फोट, म्हणून लहान इंजिनातून मोठी ताकद. आरएक्स १००चं सिलिंडर ५० मिलिमीटर व्यासाचं आणि पिस्टनची धावही ५०च, म्हणजे ९८ सीसी, आणि त्यातून ११ अश्वशक्ती. त्याच काळातल्या शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्या जेमतेम सात-साडेसात द्यायच्या.

आता यातली गोची. पिस्टन तळाशी असतो तेव्हा ट्रान्सफर पोर्ट आणि एक्झॉस्ट पोर्ट दोन्ही उघडे असतात. जळका वायू बाहेर ढकलायला पिस्टन हजर नसतो. नवं मिश्रणच जुन्या धुराला हाकलत आत शिरतं. साहजिकच त्यातलं थोडं धुराबरोबर बाहेर जातं. १९२०च्या दशकात जर्मनीत आडोल्फ श्न्यूर्ले याने ट्रान्सफर पोर्ट तिरके करून मिश्रणाचे झोत एक्झॉस्टच्या विरुद्ध भिंतीकडे वळवले. त्याने गळती कमी झाली, पण थांबली नाही.

ती का थांबत नाही? एक्झॉस्टची खिडकी ट्रान्सफरपेक्षा उंचावर असते. असावीच लागते, कारण आधी धुराचा दाब उतरला पाहिजे, मग नवं मिश्रण आत यायला हवं. पण जी खिडकी खाली येणाऱ्या पिस्टनने आधी उघडते, ती वर जाणाऱ्या पिस्टनने सगळ्यात शेवटी बंद होते. म्हणजे मिश्रण यायची वाट बंद झाली, पिस्टन वर दाबू लागला, आणि जायची वाट मात्र अजून उघडीच. नुकतंच भरलेलं मिश्रण पिस्टन स्वतःच्या डोक्याने बाहेर ढकलतो!

मुंबईकरांना हे समजवायला एसी लोकल पुरे. दादरला उतरणाऱ्यांचा लोंढा बाहेर पडतोय, चढणारे आत घुसताहेत आणि त्या रेट्यात नुकतेच चढलेले चार-पाच जण पुन्हा फलाटावर फेकले गेलेत. आता दार मिटणार. नेमक्या त्या क्षणी फलाटावरून कुणीतरी जोराचा रेटा दिला तर? सगळे परत आत, आणि दार बंद. रेटा आधी आला तर उतरणारेच आत कोंबले जातील, उशिरा आला तर मिटलेल्या दारावर आपटेल. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचं खरं काम हा रेटा वेळेवर देणं. आवाज कमी करणं हे त्याचं दुय्यम काम.

तो रेटा येतो कुठून? एक्झॉस्ट पोर्ट उघडताच दाबाची एक लाट नळीतून निघते. नळी रुंदावत जाते तिथून लाटेचा काही भाग उलट्या रूपात, म्हणजे ओढीच्या रूपात, परततो. ही ओढ सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून घेते आणि तिच्यामागे नवं मिश्रण झपाट्याने वर येतं, थोडं नळीत सांडतंसुद्धा. मूळ लाट पुढे जाऊन निमुळत्या होत गेलेल्या शंकूवर आपटते आणि तिथून मात्र दाबाच्याच रूपात माघारी वळते. आधी रुंदावणारा आणि मग निमुळता होणारा असा हा गरोदर दिसणारा नळा म्हणजेच एक्स्पान्शन चेंबर. रेसच्या गाड्यांवर तो उघडा दिसतो. रस्त्यावरच्या गाड्यांत हाच हिशेब सायलेन्सरच्या क्रोमखाली झाकलेला असतो.

आता थोडं गणित. ज्यांना नको त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण तुमचं नुकसान होईल.

७५०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ७५०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला १२५ फेऱ्या, म्हणजे एका फेरीला ८ मिलिसेकंद. समजा एक्झॉस्ट पोर्ट अर्धी फेरी, १८० अंश, उघडा राहतो, म्हणजे ४ मिलिसेकंद. ट्रान्सफर त्याच्या ३० अंश आधी मिटतो, म्हणजे सुरुवातीपासून ३.३ मिलिसेकंदांनी. रेटा हवा तो या दोन क्षणांच्या मधल्या फटीत, ३.३ ते ४ मिलिसेकंदांच्या दरम्यान. तो ३.५ला यावा असं धरू. गरम धुरात लाटेचा वेग हवेतल्या आवाजापेक्षा बराच जास्त असतो, सेकंदाला सुमारे ५०० मीटर. ३.५ मिलिसेकंदांत ती पावणेदोन मीटर जाते. जाऊन-येऊन पावणेदोन, म्हणजे परतीचं ठिकाण पोर्टपासून ८७-८८ सेंटिमीटरवर हवं. आता जवळच्या कुठल्याही टू-स्ट्रोक गाडीच्या नळीला टेप लावून बघा. लांबी साधारण याच घरात भरेल. हे माप डिझायनरने गाडीच्या देखणेपणासाठी निवडलेलं नसतं.

गंमत अशी की लाट साडेतीन मिलिसेकंदांनीच परतणार, इंजिन कितीही फिरत असो. ४००० आरपीएमला साडेतीन मिलिसेकंद म्हणजे पिस्टन जेमतेम तळाशी आणि दोन्ही खिडक्या उघड्या. रेटा धूरच पुन्हा आत कोंबतो. गाडी गुरगुरते, ओढत नाही. १०,००० आरपीएमला पोर्ट ३ मिलिसेकंदांतच मिटतो, लाट बंद दारावर. मधल्या एका पट्ट्यातच सगळं जुळतं, आणि त्या पट्ट्यात शिरताच गाडी अंगात आल्यासारखी उसळते. आरएक्सवाल्यांना विचारा, डोळे मिटून सांगतील तो क्षण. त्यात दैवी काही नाही. लाट वेळेवर आली, एवढंच.

ही विद्या ज्याने टोकाला नेली तो वॉल्टर काडेन पूर्व जर्मनीतला. चोपाउ गावच्या एमझेड या मोटारसायकलींच्या कारखान्यात पैशाची चणचण, साधनांची चणचण, आणि हा माणूस ऑसिलोस्कोप, म्हणजे लाटा पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावून नळीतल्या लाटा बघत बसायचा. १९६१ साली त्याचं १२५ सीसीचं रेसिंग इंजिन २५ अश्वशक्ती देत होतं, म्हणजे लिटरला दोनशेचा हिशेब. हवा जोराने आत कोंबणारा सुपरचार्जर नसताना तोवर हे कुणाला जमलं नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरात, बर्लिनची भिंत उभी राहून महिना झालेला असताना, एमझेडचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला आणि पुढे जपानला सुझुकीकडे गेला. डोक्यात काडेनची मापं होतीच. १९६२ साली ५० सीसी गटातलं जगज्जेतेपद डेग्नरने सुझुकीला मिळवून दिलं. टू-स्ट्रोक गाडीचं ते पहिलं जगज्जेतेपद. काडेन १९९६ साली वारला. आपल्याकडे आरएक्स १००चं उत्पादन आणि येझदी या दुसऱ्या टू-स्ट्रोक मोटारसायकलचा म्हैसूरचा कारखाना बंद झाला तेही १९९६च. योगायोगच, पण मला तो दर वेळी हळवा करतो.

आता परत भाच्याच्या गाडीकडे. शेवटची नळी बारीक ठेवलेली असते ती आतला दाब टिकावा म्हणून. ती कापली की परतणारी लाट दुबळी होते. आवाज दुप्पट होतो आणि कानाला वेग वाढल्यासारखा वाटतो. कानावर विश्वास ठेवू नका, स्टॉपवॉच लावा. शिवाय नळी मोकळी करून हवेचा फिल्टरही काढला आणि कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तोच ठेवला, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल पिस्टनला थंडही ठेवतं. येझदीसारख्या गाडीत ऑइलही पेट्रोलमधूनच, लिटरला ३०-४० मिली, जात असतं. म्हणजे तिथे पेट्रोल कमी तर वंगणही कमी. मग घाटात एके दिवशी पिस्टन चिकटतो आणि मागचं चाक जाम. स्पार्क प्लग काढून बघा. चॉकलेटी असेल तर उत्तम, पांढरा पडला असेल तर आधी जेट बघा.

जुनी टू-स्ट्रोक घ्यायला गेलात तर क्रोम आणि स्टिकर नंतर बघा. क्रँककेस हाच पंप असल्यामुळे तो हवाबंद हवा, आणि वीस-तीस वर्षांत क्रँकचे रबरी ऑइल सील वाळून कडक झालेले असतात. रेस सोडल्यावर इंजिनाचा वेग खाली यायला वेळ लागत असेल तर कुठूनतरी हवा ओढतंय. गरम झाल्यावरही पांढरट धूर भकाभका येत असेल आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होत असेल तर त्या बाजूचा सील गेला. बोअर, म्हणजे झिजलेला सिलिंडर घासून रुंद करणं, किती वेळा झालंय ते विचारा. पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढवत नेतात आणि त्याच्या डोक्यावर २५, ५०, ७५ असे आकडे असतात. १०० दिसला तर पुढच्या खेपेला स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, बदलायची तयारी ठेवा. इंजिन आणि चासी नंबर आरसी बुकशी ताडून घ्या, हे सांगायला नकोच.

सुधारणा करायच्याच असतील तर जुन्या जावा-येझदीवर ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, सहा व्होल्टचं बारा व्होल्ट, चांगले ब्रेक शू आणि ताजे टायर, एवढ्याने गाडी माणसात येते. पोर्ट घासून उंच करणं हा शर्यतवाल्यांचा उद्योग. त्याने वरच्या आरपीएमला दोन घास जास्त मिळतात आणि खालचा दम जातो, मग सिग्नलला क्लच जाळत बसा. पेट्रोलच्या नळीला बांधायचं चुंबक तर कृपा करून घेऊ नका. 'पेट्रोलचे रेणू सरळ रेषेत येतात' असं विकणारा सांगतो. पेट्रोलवर असल्या चुंबकाचा परिणाम नगण्य आहे, आणि रेणू रांगेत उभे राहिले तरी ज्वलनाला त्याचं काय? हँडलला लिंबू बांधणं स्वस्त पडेल, निदान सरबत तरी होतं. 'व्हिंटेज' म्हणून किंमत फुगवणाऱ्यांनाही एक सांगा. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडीच व्हिंटेज ठरते. १९८५ साली आलेली आरएक्स त्यात बसायला अजून बराच अवकाश आहे.

आणि हेही मान्य करायला हवं की लाट कितीही वेळेवर आली तरी काही पेट्रोल न जळता बाहेर जातंच, निळा धूर आहेच. या गाड्या बंद झाल्या ते योग्यच झालं. रोज ऑफिसला नेण्याची ही वस्तू नव्हे.

भाच्याने गाडी घेतली. मालकाला खोदून विचारल्यावर मूळ सायलेन्सर त्याच्याच माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेला सापडला, तेवढ्यासाठी मी चहा पाजला त्याला. तोंडाशी काजळी इतकी साचली होती की करंगळी जाईना. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात दोन दिवस भिजवला (हातमोजे आणि चष्मा घालून, अंगणात, पोरांना लांब ठेवून), धुतला, वाळवला, नवं गॅस्केट टाकून बसवला. रविवारी सकाळी भाचा बायपासला चक्कर मारून आला. हेल्मेट काढता काढता त्याने पहिली तक्रार केली, "मामा, हिचा आवाजच येत नाही."