उन्हाळ्यातलं वायफाय आणि खिडकीतला कूलर

नेट रेंगाळलं की पहिला फोन केबलवाल्याला जातो. त्याआधी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि वेग मोजा. १०० मेगाबिटचा प्लॅन तारेवर ९०च्या पुढे आणि पलंगावर मोबाइलवर १२ दाखवत असेल, तर लाइन चांगली आहे. अडचण घरातच, राउटर आणि मोबाइल यांच्या मधे कुठेतरी आहे. (फाइल उतरवताना दिसणारा आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये असतो. ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट, म्हणून १०० मेगाबिटच्या लाइनवर सेकंदाला साडेबाराच्या वर जाणार नाही.)

जळगाव-भुसावळकडच्या घरात उन्हाळ्यात या मधल्या वाटेवर एक नवीन वस्तू येते: पत्र्याचा कूलर. वायफाय म्हणजे रेडिओलहरी. राउटर त्या बहुधा दोन पट्ट्यांत सोडतो: २.४ गिगाहर्ट्झला त्यांची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झला सहाच्या आसपास. विटांची भिंत त्यांना थोडी अडवते, पत्रा बराचसा भाग परतवून लावतो आणि पाणी त्यांची ऊर्जा शोषतं. पाण्याच्या रेणूचं एक टोक धनभारित, दुसरं ऋणभारित. लहरीचं विद्युतक्षेत्र दिशा बदलेल तसा रेणू वळू पाहतो, शेजारच्या रेणूंशी अडखळतो आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत जिरते. मायक्रोवेव्ह ओव्हन याच तत्त्वावर आणि याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झवर, अन्न तापवतो. म्हणून तो सुरू असताना जवळचं २.४चं वायफाय अडखळू शकतं. कूलरमध्ये पत्रा, भिजलेल्या ताट्या आणि भरलेली टाकी असं सगळंच एकत्र असतं. राउटर त्याच्या मागे असेल, तर पलीकडे रेंजची सावली पडते. राउटर कूलरपेक्षा उंच, घराच्या मध्याकडे ठेवा. लोखंडी कपाटात तर नकोच.

मात्र उंच म्हणजे पत्र्याखालचा माळा नव्हे. घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ ओलांडतो. तापलेला राउटर मंदावतो, कधी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. त्याच्यावर विणलेला रुमाल घालू नका, हवेची भोकं मोकळी राहू द्या.

धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्झ लवकर हरतं. तिथे लांबच्या खोलीसाठी २.४ बरं. अशा घरात रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारी डबी, घ्यायचा मोह होतो, पण साधा रिपीटर एकाच चॅनलवर (पट्ट्यातल्या एकाच लहान भागावर) ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. त्यापेक्षा एक लॅन केबल ओढून पलीकडे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तारेने आलेलं नेट तिथे वायफायवर देण्यापुरता, लावा. माझं मत विचाराल तर खर्च करायचा तो इथेच.

दाटीच्या कॉलनीत शेजाऱ्यांच्या राउटरचाही हिशेब करावा लागतो. २.४मध्ये चॅनल ५ मेगाहर्ट्झच्या अंतराने आहेत, पण प्रत्येकाला किमान २० लागतात. म्हणून एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. शेजारी ६ वर असेल, तर आपण ४ वर जाणं हा उपाय वाटतो, पण त्याने बिघडतंच. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात; अर्धवट चढलेल्या चॅनलवर शेजाऱ्याचं बोलणं नुसता गोंगाट ठरतं. चॅनलची रुंदीही २०वरच ठेवा.

चॅनलसाठी राउटरची सेटिंग उघडलीच आहे, तर सुरक्षेचा प्रकारही, म्हणजे वायफायवरची माहिती कोणत्या पद्धतीने कुलूपबंद होते तेही, बघा. तिथे 'टीकेआयपी' ही जुनी पद्धत निवडलेली असेल, तर जोडणीचा वेग ५४ मेगाबिटच्या वर चढत नाही, लाइन कितीही मोठी असो. 'डब्ल्यूपीए२-एईएस' ही नंतरची पद्धत निवडा आणि पुन्हा वेग मोजा.