वाण बघून जंतू निवडावा

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या सणाला, औसा तालुक्यातल्या आमच्या शेतात कडब्याच्या कोपीपुढं पूजा झाली, आंबिलीचं बिंदगं उघडलं आणि भाचीनं मांडीवरच्या बाळाकडं बघत विचारलं, "आत्या, मेडिकलवाल्यानं ही पुडी दिलीय. पोटातले चांगले जंतू वाढत्यात म्हणं. द्यावी का ओ बाळाला?" मी बोलायच्या आत आईच म्हणाली, "आमच्या वेळेला कुठल्या आल्या पुड्या? तू दोन पेले आंबील पी, दुधातनं उतरंल त्याला."

बाळ तीन महिन्यांचं, चांगलं बाळसं धरलेलं. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळं घरातले असे वाद माझ्याकडं येतात. त्या दिवशी जे सांगितलं ते जरा सविस्तर लिहिते, कारण हाच प्रश्न मला वर्षभर कुणी ना कुणी विचारत असतं.

सुरुवात ओडिशातून करावी लागते. संशोधक डॉ. पिनाकी पाणिग्रही यांनी तिथल्या १४९ गावांत केलेला प्रयोग २०१७ साली 'नेचर' या नियतकालिकात छापून आला. प्रश्न साधा होता. नवजात बाळांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरतो, त्याला सेप्सिस म्हणतात, आणि त्यात बाळं हातची जातात. हे आधीच रोखता येईल का? त्यांनी ४,५५६ बाळं घेतली. सगळी किमान दोन किलो वजनाची आणि आईचं दूध पिणारी. निम्म्यांना सात दिवस एक पूड दिली. तिच्यात लॅक्टोबॅसिलस प्लान्टारम या जंतूचा एक ठरावीक वाण आणि त्या जंतूचं खाद्य म्हणून थोडी वेगळ्या प्रकारची साखर होती. उरलेल्यांना तशीच दिसणारी पण जंतू नसलेली पूड दिली. कुणाला काय मिळतंय हे ना घरच्यांना माहीत, ना देणाऱ्यांना. मग दोन महिने लक्ष ठेवलं.

जंतू नसलेली पूड घेतलेल्या गटात शंभरातल्या ९ बाळांना सेप्सिस झाला किंवा ती दगावली. जंतू मिळालेल्या गटात हे प्रमाण ५.४ वर आलं, म्हणजे ४० टक्क्यांनी कमी. दुसऱ्या शब्दांत, २७ बाळांना पूड दिली की एका बाळावरचा घाला टळतो. फायदा इतका उघड दिसला की ठरवलेली संख्या पूर्ण व्हायच्या आधीच नवीन बाळं घेणं थांबवलं. आठवड्याभराच्या या औषधाचा खर्च तेव्हा सुमारे एक डॉलर होता. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा वर जाऊन तपासले होते.

मला जास्त विचारात पाडलं ते वेगळ्याच गोष्टीनं. पूड पोटात गेली, पण छातीचे संसर्गही, न्यूमोनियासारखे, सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. आतड्यातल्या जंतूचा फुप्फुसाशी काय संबंध?

आतड्याचं अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं असतं. त्याच्या अलीकडं अब्जावधी जंतू, पलीकडं रक्त. म्हणून शरीराच्या संरक्षक पेशींचा फार मोठा तळ तिथंच असतो. नवजात बाळाचं आतडं नांगरून मोकळ्या टाकलेल्या रानासारखं असतं. त्यात काहीतरी उगवणारच. आपण पेरलं नाही तर हराळी आणि कुंदा येतो, आणि एकदा मुळ्या धरल्या की काढता काढता नाकी नऊ येतात. चांगला जंतू आधी जाऊन बसला की तो जागा अडवतो, खाद्य संपवतो आणि आम्ल सोडतो, त्यात घातक जंतूंना तग धरता येत नाही. जपानी संशोधकांनी २०११ साली उंदरांत दाखवलं की बायफिडोबॅक्टेरिया नावाचे काही चांगले जंतू अ‍ॅसिटेट नावाचा पदार्थ तयार करतात, त्यानं आतड्याचं अस्तर टिकून राहतं आणि ई. कोलाय या जंतूच्या एका जीवघेण्या प्रकाराचं विष रक्तात उतरत नाही.

दुसरं काम शिकवण्याचं. पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यातली संरक्षणाची केंद्रं खुरटी राहतात आणि त्यांच्यात आयजीए नावाची प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना अडवणारी प्रथिनं, फार कमी तयार होतात. जंतू भेटल्याशिवाय शरीराला ओळख-परख येत नाही. आतड्यात तयार झालेल्या पेशी आणि रासायनिक संदेश रक्तावाटे दूरवर पोचतात, फुप्फुसांपर्यंतही. ओडिशातल्या बाळांच्या छातीला मिळालेलं संरक्षण बहुधा याच वाटेनं आलं असावं.

आईच्या दुधात तर निसर्गानं ही पेरणी आधीच मांडून ठेवली आहे. दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या आहेत बाळाच्या पोटातल्या बायफिडोबॅक्टेरियांसाठी. आई दोघांना जेवू घालते! आणि आपल्याकडं काही घरांत अजूनही पहिला चीक काढून टाकतात, बाळाला मध चाटवतात. चिकात आयजीए ठासून भरलेलं असतं. मधातून वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम हा अंग लुळं पाडणारा आजार होऊ शकतो. हे मी प्रत्येक बाळंतिणीच्या घरी सांगते, आणि सांगत राहणार आहे.

मग पुडी चांगलीच की, असं भाची म्हणाली. तिला मी ज्वारीचं उदाहरण दिलं. ज्वारी ज्वारीच, पण मालदांडी वेगळी, परभणी मोती वेगळी आणि हुरड्याची गूळभेंडी त्याहून वेगळी. गूळभेंडी पेरून मालदांडीच्या भाकरीची वाट बघत कुणी बसत नाही. जंतूंचंही तसंच. एकाच जातीचे दोन वाण पोटात अगदी निरनिराळं वागू शकतात. पाणिग्रही यांनीही बरेच वाण चाळले, तेव्हा कुठं बाळाच्या आतड्यात टिकून राहणारा एक हाती लागला.

वाण, वय आणि आजार यांची सांगड बसली नाही की निकाल फिरतो. लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी हा जगातला नावाजलेला वाण. जुलाब झालेल्या ९७१ मुलांवर अमेरिकेत त्याचा प्रयोग झाला, २०१८ साली निकाल आला, आणि औषध असलेल्या-नसलेल्या गटांत फरक दिसला नाही. व्हेंटिलेटरवरच्या २,६५० रुग्णांत न्यूमोनिया टाळायला तोच वाण वापरून पाहिला, २०२१ चा निकाल तसाच. उलट कोलकात्याच्या वस्तीतल्या एक ते पाच वर्षांच्या ३,७५८ मुलांना दुसऱ्या एका वाणाचं पेय बारा आठवडे दिलं, तर जुलाबाचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. फार नाही, पण जिथं जुलाबानं पोरं सुकतात तिथं १४ टक्केही मोलाचे. अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्यात दिलेला जंतूच रक्तात शिरून जीवावर बेतल्याचं घडलं आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तसा इशाराही दिला. म्हणून ओडिशाची पूड चांगली ठरली, एवढ्यावरून काचेच्या पेटीतल्या बाळाला कुठलीही पुडी देऊ नये.

आणि आईची आंबील? ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबवलेली, लसूण-आलं लावलेली. आफ्रिकेतही ज्वारीचं पीठ आंबवून खातात आणि तिथल्या अशा पिठांत प्लान्टारम जातीचे जंतू अनेकदा सापडले आहेत. पण सापडलेला वाण ओडिशातलाच असेल असं नाही, आणि आंबिलीला औषध म्हणायला असा प्रयोग हवा. बाळंतिणीनं ती प्यावी, अंगी लागते, पाणी मिळतं. तिच्यातले जंतू दुधातून बाळापर्यंत उतरतील, याची हमी मात्र मी आईला दिली नाही. ती थोडी रुसली.

भाचीच्या हातातली पुडी मी उलटून पाहिली. जंतूच्या जातीचं नाव होतं, वाणाचा पत्ता नव्हता. किती जिवंत जंतू, कुठल्या वयासाठी, काहीच धड नाही. बाळ अंगावर पितंय, शी व्यवस्थित, वजन वाढतंय. मी म्हटलं, राहू दे. जुलाब झाले तर आधी मीठ-साखरेच्या पाण्याची, ओआरएसची पुडी, झिंक, अंगावरचं दूध चालूच, आणि लगेच डॉक्टर.

दुपारी परतताना रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. बीड, धाराशिवकडच्या कितीतरी बायका याच दिवसांत कारखान्यांच्या फडावर असतात आणि त्यांतल्या काहींची बाळंतपणंही तिथंच होतात, पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत. ओडिशाच्या खेड्यांत जे तपासलं गेलं, ते त्या कोपीतल्या दोन दिवसांच्या बाळांसाठी, त्यांच्या आयांना नीट विचारून, तिथल्याच आशाताईंना सोबत घेऊन तपासलेलं मला बघायचं आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे, लातूर, नांदेड, अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. माणसं इथंच आहेत.