पाल चुकचुकते तेव्हा

बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना एक गंमत होते. जिना थांबलेला आहे हे दिसत असतं, पुरतं ठाऊक असतं, पुढची माणसं त्यावरून साध्या जिन्यासारखी चढत असतात. तरी पहिल्या पायरीवर पाऊल पडलं की शरीर पुढे झुकतं, पोटात काहीतरी हलतं आणि अर्धा क्षण असं वाटतं की जिन्यानेच आपल्याला फसवलं. पुढच्या पायरीला सगळं सुरळीत.

लंडनमध्ये रेनॉल्ड्स आणि ब्रॉन्स्टीन या संशोधकांनी २००३ साली हा प्रकार प्रयोगशाळेत आणला. आधी लोकांना एका सरकत्या फळीवर पुन्हापुन्हा चढायला लावलं. मग स्पष्ट सांगितलं, आता फळी हलणार नाही. लोकांना ते पटलं, आणि तरीही ते गरजेपेक्षा जोरात चालत आले आणि फळीवर पुढे झुकले. डोक्याला कळलेलं पायांपर्यंत पोचलंच नव्हतं. पायांनी आपला अंदाज आधीच बांधून ठेवला होता.

मला या अर्ध्या क्षणाचं फार कुतूहल आहे. ही भीती नव्हे. भीतीसाठी मराठीत धस्स होणं आहे, पोटात गोळा येणं आहे, पाचावर धारण बसणं आहे. साप समोर आला की धस्स होतं. तिथे शंकेला जागा नसते. पण नेहमीच्या खुर्चीत नेहमीचा माणूस बसलेला असतो, बोलतोही नेहमीसारखाच, आणि तरी काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. तेव्हा आपण म्हणतो, मनात पाल चुकचुकली. किती नेमका शब्दप्रयोग! पाल दिसत नाही, कुठे आहे ते कळत नाही. आवाज झाला एवढंच खरं, आणि कधीकधी तेही नक्की नाही.

अर्न्स्ट येन्श या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने १९०६ साली या पालीवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: समोरचं जिवंत आहे की निर्जीव याचा निकाल लागत नाही, तेव्हा माणूस अस्वस्थ होतो. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याला हे पुरेसं वाटलं नाही. १९१९ साली त्याने मांडलं की अशी अस्वस्थता परक्या गोष्टीतून येत नाही. एके काळी ओळखीची असलेली, पण मनाने दडपून टाकलेली गोष्ट पुन्हा वर येते तेव्हा ती जाणवते. फ्रॉइडचा निबंध वाचायला जास्त रसाळ आहे. पण नंतरच्या प्रयोगांकडे पाहिलं तर मला येन्शचं पारडं जड वाटतं.

त्यातला एक प्रयोग तर निकाल न लागण्याची किंमतच मोजतो. लंडनच्याच आर्ची डी बर्कर आणि सहकाऱ्यांनी तो २०१६ साली प्रसिद्ध केला. ४५ जणांना पडद्यावर एकेक दगड दाखवायचा. खाली साप आहे की नाही ते त्यांनी ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झोंबरा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मोजून ताण किती ते पाहिलं. झटका बसणारच असं ठाऊक असताना ताण सगळ्यात जास्त असेल असं आपल्याला वाटतं. तो तसा नव्हता. शक्यता निम्मी-निम्मी असताना तो शिखरावर होता. ज्यांचा ताण या अनिश्चिततेबरोबर नीट वरखाली होत होता, त्यांचे अंदाजही जास्त बरोबर येत होते. म्हणजे पाल चुकचुकणं हा भित्रेपणा नाही. जग किती बेभरवशाचं आहे हे शरीर बऱ्यापैकी अचूक मोजतं, त्याचा हा आवाज.

माणसांच्या बाबतीतही तेच. अमेरिकेतल्या नॉक्स कॉलेजच्या फ्रँक मॅकअँड्र्यू यांनी एका सहकारी संशोधिकेसोबत १,३४१ लोकांना विचारलं, कोणती माणसं उगाच शहारा आणतात? व्यवसायांत पहिला नंबर लागला विदूषकाचा. विदूषक काही कुणाला मारत नाही. पण रंगवलेल्या हसण्यामागचा खरा चेहरा वाचता येत नाही, आणि तो पुढे काय करेल याचा नेम नसतो. धोका आहे हे कळलं तर पळता येतं, नाही हे कळलं तर गप्पा मारता येतात. मधल्या मधे माणूस अडकतो.

जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली याच अडकण्याचा आलेख काढला. यंत्र माणसासारखं दिसू लागलं की ते आपल्याला आवडत जातं. पण अगदी माणसाच्या जवळ पोचलं की आवड एकदम घसरते. या घसरणीला आता सगळीकडे ‘अनकॅनी व्हॅली’ म्हणतात. मोरींचं उदाहरण कृत्रिम हाताचं होतं. शिरा, नखं, बोटांवरच्या रेषा, सगळं हुबेहूब. तुम्ही तो हातात घेता, आणि पकड हाड नसल्यासारखी, स्पर्श गार. लाकडी हाताने असं होत नाही, कारण लाकडाने कधी कसलं वचन दिलेलं नसतं.

मग अशा वेळी कोण काय करतं? माझ्या मते गोष्ट खरी इथे सुरू होते. जर्मन लेखक हॉफमनची ‘डेर झांडमान’ ही १८१६ सालची कथा फ्रॉइडला भुरळ घालून गेली. तिच्यात ओलिम्पिया नावाची एक यांत्रिक बाहुली आहे. नाथानेल तिला खरी मुलगी समजून तिच्या प्रेमात पडतो. त्याच्या मित्राला मात्र ती ताठर, निर्जीव वाटते. तिच्याजवळ नको वाटतं आणि तो ते बोलून दाखवतो. नाथानेलला असलं काही जाणवतच नाही. तो तिला तासन्‌तास कविता वाचून दाखवतो, ती अधूनमधून ‘आह, आह’ करते, आणि इतकं समजून घेणारं माणूस आपल्याला कधी भेटलं नव्हतं अशी त्याची खात्री पटते. याच नाथानेलने आधी हाडामांसाच्या क्लाराला, म्हणजे आपल्या वाग्दत्त वधूला, तिने त्याच्या कवितेची तारीफ केली नाही म्हणून, निर्जीव यंत्र म्हटलेलं असतं. बाहुली एकच. तिच्यासमोर मित्र कोण ते कळतं आणि नाथानेल कोण तेही.

मेंदूच्या आजारांत याचं भयंकर रूप दिसतं. १९२३ साली काप्ग्रा आणि रबूल-लाशो या फ्रेंच डॉक्टरांनी एका बाईंची हकिकत नोंदवली. आपली माणसं कुणीतरी पळवली आणि त्यांच्या जागी हुबेहूब तोतये आणून बसवले, असं त्या ठामपणे सांगत. पुढे एलिस आणि यंग यांनी असं स्पष्टीकरण दिलं: चेहरा ओळखण्याचं काम चालू असतं, पण ओळखीच्या चेहऱ्याला पाहून आतून जी ऊब उमटते तीच उमटत नाही. अशा रुग्णांच्या त्वचेवरचा घाम मोजला तेव्हा घरच्यांच्या चेहऱ्यांना आणि परक्यांच्या चेहऱ्यांना मिळणारा प्रतिसाद सारखाच निघाला.

पण यातली खरी मेख पुढेच आहे. कपाळामागच्या मेंदूच्या खालच्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांतही हाच प्रतिसाद हरवलेला असतो, आणि ते मात्र तोतयाची गोष्ट रचत नाहीत. म्हणजे नुसतं खटकणं पुरत नाही. खटकण्याला पहिलं उत्तर मिळालं की ते तपासायचं की कवटाळायचं, हा दुसरा टप्पा.

धडधाकट माणसांतही या दुसऱ्या टप्प्यावर फरक पडतो. मानसशास्त्रज्ञ क्रुग्लान्स्की आणि वेबस्टर यांनी १९९४ साली यासाठी एक प्रश्नावली तयार केली. काहींना उत्तराविना राहवत नाही: मिळेल त्या उत्तरावर झडप घालायची आणि मग ते सुटू द्यायचं नाही. फोन उचलला नाही म्हणजे रागावला, दोघं हळू बोलतायत म्हणजे माझ्याबद्दलच. काही जण त्याच वेळी नुसते थांबतात. मी पहिल्या गटातला आहे, हे घरचे सांगतील.

आणि हा फ्रॉइड पाहा. रात्रीच्या रेल्वेत डब्यात एकटाच होता. गाडीला हिसका बसला, शेजारच्या न्हाणीचं दार उघडलं, आणि झगा घातलेले, टोपीवाले एक वयस्क गृहस्थ आत आले. चुकून इकडे शिरले असतील म्हणून फ्रॉइड त्यांना वाट दाखवायला उठला. तेव्हा कळलं, दारावरच्या आरशात तो स्वतःच होता. ते गृहस्थ आपल्याला अजिबात आवडले नव्हते, अशी नोंद त्याने त्याच १९१९ च्या निबंधात तळटीप म्हणून केली आहे. तिथेच तो भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माखचाही असाच किस्सा सांगतो. माख थकूनभागून बसगाडीत चढत होता. समोरून एक माणूस चढताना दिसला, आणि त्याच्या मनात आलं, कसला गबाळा मास्तर चढतोय हा. माख स्वतः प्राध्यापक होता.