माशातला जंत ओळखायचा तर त्याचं पोट बघा

समुद्राचा मासा साफ करताना पोटात कधीकधी पांढऱ्या दोऱ्याची गुंडाळी असावी असं काहीतरी दिसतं, ती बहुतेकदा गोल जंताची अळी असते. आपल्याकडे मासा कालवणात नीट उकळतो नाहीतर तव्यावर खरपूस भाजतो त्यामुळे ती मरते, म्हणून आपण काढून टाकतो आणि विसरतो. पण ती नेमकी कोणती हे ओळखणं फार भारी काम आहे, कारण अळ्या बाहेरून जवळपास सगळ्या सारख्याच.

मग करतात काय, तर अळी ग्लिसरीनसारख्या द्रवात पारदर्शक करून मायक्रोस्कोपखाली तिची अन्ननलिका बघतात. अन्ननलिका आणि आतडं यांच्या मधे एक छोटा फुगीर भाग असतो. तिथून कुठलाच फाटा निघत नसेल तर अ‍ॅनिसाकिस. आतड्याची एकच आंधळी (म्हणजे एका टोकाला बंद) पिशवी पुढे डोक्याकडे गेलेली असेल तर स्यूडोटेरॅनोव्हा. एक फाटा पुढे आणि एक मागे असे दोन दिसले तर काँट्रासीकम किंवा हिस्टेरोथायलॅशियम, आणि त्या दोघांत फरक करायला उत्सर्जनाचं बारीक छिद्र शोधायचं, पहिल्यात ते तोंडापाशी असतं आणि दुसऱ्यात थोडं खाली, मज्जातंतूंच्या कड्याजवळ. २-३ सेंटीमीटरच्या जिवात एवढं सगळं!

इथवर वंश कळतो, प्रजाती नाही. अ‍ॅनिसाकिस सिम्प्लेक्स म्हणून एकच प्रजाती धरायचे, पण नंतर जनुकीय तपासणीत कळलं की दिसायला सारख्या तीन प्रजाती त्यात आहेत, अळी बघून त्या वेगळ्या करताच येत नाहीत, डीएनए लागतोच. (म्हणून नमुना अल्कोहोलमध्ये ठेवा, फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो.)

आता एवढी बारकाई कशाला, तर जपान बघा. तिथे बांगड्याचा भाऊबंद असलेला साबा नावाचा मासा व्हिनेगरमध्ये मुरवून कच्चाच खातात, आणि व्हिनेगरने अळी मरत नाही, मग काही तासांत पोटात भयंकर कळा. पॅसिफिकच्या बाजूच्या साबात मुख्यतः त्या तिघींतली खरी सिम्प्लेक्स मिळते, जपानच्या समुद्राच्या बाजूला तिघींतलीच दुसरी, पेग्रेफी. पेग्रेफी बहुतेक माशाच्या पोटातच राहते, सिम्प्लेक्स मात्र मांसात जास्त घुसते, म्हणजे आतडी काढली तरी ती ताटात येऊ शकते, आणि तिथल्या पेशंटच्या पोटातून काढलेल्या अळ्यांची तपासणी केली तर त्या बहुतेक सिम्प्लेक्सच निघाल्या. युरोपात तर कच्चा खायचा मासा आधी उणे २० अंशांवर निदान २४ तास गोठवायचा असा नियमच आहे.