गाडी उचलली, अ‍ॅक्सल तिथेच राहिला

मावळात पावसाळ्यात भातखाचरांमधून जाणारी कुठलीही गाडीवाट पाहा. ट्रॅक्टरच्या चाकांनी कोरलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मधे गवताचा उंचवटा. अशाच एका वाटेवर मित्राची मारुती जिम्नी अडकली. दोन इंची लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणाऱ्या लांब स्प्रिंगांचा संच, बसवून तिला आठवडाही झाला नव्हता. वाकून पाहिलं तर गाडीचं पोट उंचवट्यापासून वीतभर वर होतं. चिखलात रुतला होता तो मागच्या अ‍ॅक्सलच्या नळीवरचा फुगीर डबा, म्हणजे दोन्ही चाकांना इंजिनाची ताकद वाटून देणारं डिफरन्शियल. मित्राने दोन इंचांचे पैसे मोजले होते, पण या डब्याच्या वाट्याला त्यातला एक मिलिमीटरही आला नव्हता.

जिम्नीला पुढे आणि मागे सलग अ‍ॅक्सल आहेत. डावं आणि उजवं चाक एकाच लोखंडी नळीच्या दोन टोकांना असतं, नळीवर स्प्रिंग आणि स्प्रिंगवर चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा. लिफ्ट किटमधली लांब स्प्रिंग चासीला अ‍ॅक्सलपासून दूर ढकलते. अ‍ॅक्सल मात्र जमिनीपासून चाकाच्या त्रिज्येइतकाच उंच राहतो. त्याला वर न्यायचं असेल, तर चाकच मोठं करावं लागतं.

म्हणून माझं सांगणं असतं, की किटचे इंच नंतर ठरवा, टायर आधी ठरवा. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५, म्हणजे साधारण ६९३ मिमी व्यासाचा. त्याजागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास होतो सुमारे ७३३ मिमी. व्यास ४० मिमीने वाढला, पण अ‍ॅक्सल उचलला गेला त्याच्या निम्मा, २० मिमी. एवढ्यासाठीही किंमत मोजावी लागते. चाक मोठं झाल्यामुळे स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी खरं तर ८५च्या आसपास धावत असते, आणि चढावर इंजिनाची ओढ तेवढीच कमी पडते. हा टायर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, खड्ड्यात चाक वर आल्यावर मडगार्डला घासू नये, एवढ्यासाठी लिफ्ट लागते. घासणं थांबतं तिथे लिफ्टही थांबली पाहिजे.

लिफ्टचा दुसरा खरा फायदा पोटाखालच्या कोनात दिसतो. बांध ओलांडताना पुढची चाकं पलीकडे उतरतात, मागची अलीकडे असतात आणि मधलं पोट बांधावर टेकतं. पाच दारी जिम्नी २४ अंशांपर्यंतचा उंचवटा पोट न टेकवता ओलांडते. परदेशात विकल्या जाणाऱ्या तीन दारी जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्सही (पोटाखालची मोकळी उंची) २१० मिमीच, पण तिचा हा कोन २८ अंश आहे. फरक आहे तो दोन अ‍ॅक्सलमधल्या अंतराचा: पाच दारीत २५९० मिमी, तीन दारीत २२५०. लांब गाडीला लिफ्टची गरज थोडी जास्त, ती यामुळे.

आता उंचीची दुसरी बाजू. समजा डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १५० सेंमी आहे आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंमीवर. कागदावर ही गाडी ४५ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत तग धरते. गुरुत्वमध्य पाच सेंमी वर गेला, की हा आकडा ४३वर येतो. दोन अंश किरकोळ वाटतात, पण प्रत्यक्षात स्प्रिंग आणि टायर एका बाजूला दबतात, त्यामुळे खरी मर्यादा कागदापेक्षा बरीच खाली असते. त्यात टपावर कॅरिअर, त्यावर स्टेपनी आणि पाण्याचे कॅन चढले, तर घाटातल्या वळणावर गाडीचं कलणं अंगाला जाणवतं. टपावरचं ओझं आधी उतरवा, मगच लिफ्टचा विचार करा.

स्टिअरिंगचं दुखणं यापेक्षा बारीक आहे. सायकलचा पुढचा दांडा किंचित मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते. गाडीच्या पुढच्या चाकांनाही असाच कल दिलेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. जिम्नीचा पुढचा अ‍ॅक्सल दोन लांब आर्म्सनी, म्हणजे दांड्यांनी, चासीला जोडलेला आहे. चासी वर गेली की आर्म्स खाली झुकतात, अ‍ॅक्सल स्वतःभोवती थोडा फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. मग एक्सप्रेसवेवर गाडी सतत सावरावी लागते. चासीला जोडणारा आडवा पॅनहार्ड रॉडही तिरपा होऊन अ‍ॅक्सलला जरा एका बाजूला सरकवतो. म्हणून किटमध्ये कॅस्टर सुधारणारे बुश (आर्म्सच्या सांध्यातले रबरी तुकडे) आणि लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड आहे का, हे आधी विचारा. नुसत्या चार स्प्रिंगांना मी किट म्हणणार नाही.

शॉकअप स्प्रिंगच्या जोडीचेच हवेत. कडक स्प्रिंग दाबली गेली की जास्त जोराने उसळते, ती उसळी मूळ शॉकअपला आवरत नाही. शिवाय त्याची लांबी अपुरी पडते आणि चाक खड्ड्यात लोंबलं की धक्का शॉकअपच्या टोकावर बसतो. पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र) आणि लोखंडी बंपर लावणार असाल, तर त्या वजनासाठीची स्प्रिंग घ्या. नसाल, तर तीच स्प्रिंग गाडीला बैलगाडीसारखी आदळवेल. जुन्या मारुती जिप्सीत कमानपाट्यात एक पाटा वाढवून गाडी उचलत; तिथेही हाच अनुभव येई.

२०२०नंतरच्या महिंद्रा थारचं गणित वेगळं आहे. तिथे पुढची चाकं स्वतंत्र आहेत आणि डिफरन्शियल चासीला बांधलेलं, त्यामुळे पुढचा डबा लिफ्टबरोबर वर जातो. पण चाकाकडे जाणारे शाफ्ट जास्त तिरके होतात, त्यांच्या सांध्यांवर ताण येतो आणि त्यांच्यावरची रबरी आवरणं (बूट) लवकर फाटतात. मागचा अ‍ॅक्सल मात्र सलगच आहे.

कायद्याकडे डोळेझाक करू नका. मोटार वाहन कायदा, १९८८च्या ५२व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते ठामपणे सांगितलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, अपघातानंतर विम्याचा दावाही अडू शकतो. आरटीओ आणि विमा कंपनीला विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

किट बसवून झालं की गाडी लगेच ताब्यात घेऊ नका. चारही चाकं हवेत लोंबू द्या आणि ब्रेकच्या रबरी नळीवरून बोट फिरवा. मित्राच्या गाडीची नळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली होती. चाक पुढच्या एखाद्या खड्ड्यात उतरतं, तर ती तुटलीच असती. मग गाडी जमिनीवर उतरवून तिचं पूर्ण वजन चाकांवर आल्यावरच आर्म्सचे बोल्ट शेवटचे आवळायला सांगा. हवेत आवळले तर आतलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं.