घर पेटतं ते ठिणगीनं

8 नोव्हेंबर 2018, दिवाळीचा पाडवा. उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरात सकाळी साडेसहाच्या सुमारास विजेच्या वाहिनीमुळे वणवा पेटला आणि काही तासांत पॅराडाइज नावाचं सुमारे 26,000 वस्तीचं गाव जवळजवळ नाहीसं झालं. 85 माणसं गेली. 18,000 हून अधिक इमारती जळाल्या. त्यानंतरच्या छायाचित्रांत एक गोष्ट खटकत राहते. घराच्या जागी राख आहे, पण शेजारची पाइनची झाडं कित्येक ठिकाणी हिरवीच्या हिरवी उभी आहेत. ज्वाळांची भिंत जंगलातून चालत येऊन गावावर कोसळली असती, तर आधी झाडं गेली असती.

हे कोडं अमेरिकी वनसेवेतले शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी त्याआधीच बरंचसं उलगडून ठेवलं होतं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या वायव्य भागात जंगलाचे तुकडे मुद्दाम पेटवून प्रयोग झाले. त्यांत लाकडी भिंती आगीपासून वेगवेगळ्या अंतरांवर उभ्या केल्या होत्या. 30 मीटरवरची एकही भिंत पेटली नाही. 10 मीटरवरच्याही सगळ्या पेटल्या नाहीत, काही नुसत्या करपल्या. कारण शेंड्यांतून धावणारी आग एका जागी पूर्ण जोमात जेमतेम मिनिटभर टिकते. तेवढ्या वेळात त्या अंतरावरचं लाकूड पेट घेण्याइतकं तापत नाही.

मग घरं जळतात कशी? ठिणग्यांनी. वाऱ्यावर उडालेले सालींचे आणि फांद्यांचे जळते तुकडे आगीच्या पुढे किलोमीटरभर, कधी त्याहूनही लांब जाऊन पडतात. छपराच्या पन्हळीत साचलेल्या सुक्या पानांत, पोटमाळ्याला हवा मिळावी म्हणून ठेवलेल्या झरोक्यांत, लाकडी डेकच्या (घराला जोडलेल्या उघड्या ओट्याच्या) फटींत आणि भिंतीला टेकलेल्या कुंपणाच्या कोपऱ्यात ते अडकतात आणि धुमसत राहतात. एकदा घर पेटलं की ते झाडासारखं मिनिटभरात विझत नाही, तासन् तास जळतं आणि त्या धगीनं शेजारचं घर जातं. पॅराडाइजच्या घरांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. 1997 पूर्वी बांधलेल्या घरांपैकी साडेअकरा टक्केच वाचली होती, नंतरच्यांपैकी साडेअडतीस टक्के. घर वाचणं हा निव्वळ नशिबाचा खेळ नाही, हे त्यातून दिसतं.

म्हणून भिंतीपासूनचा पहिला दीड मीटर सर्वांत मोलाचा. तिथे जळण्याजोगं काही नको. बागेत पसरलेला लाकडाचा भुस्सा काढून खडी पसरायची, सरपणाचा ढीग लांब न्यायचा. दारातलं काथ्याचं पायपुसणं आणि सणानंतर सुकून गेलेलं आंब्याच्या पानांचं तोरण, या दोन गोष्टी कॅलिफोर्नियातल्या आपल्या मराठी घरांतही हमखास असतात. कडक वाऱ्याचा इशारा आला की त्या आत घ्याव्यात. झरोक्यांना 3 मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची धातूची जाळी बसवावी आणि पन्हळी साफ ठेवाव्यात. हे काम एखाद्या सुट्टीच्या दिवशी उरकण्यासारखं आहे आणि महागड्या उपकरणांआधी तेच व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

कॅलिफोर्नियात शरद ऋतूत हे जास्त निकडीचं असतं. तेव्हा आतल्या कोरड्या पठारांवरून किनाऱ्याकडे वारा सुटतो. डोंगर उतरताना हवा दाबली जाते, दर किलोमीटरला सुमारे 10 अंश सेल्सिअसनं तापते आणि तिची सापेक्ष आर्द्रता झपाट्यानं घसरते. उन्हाळाभर पाऊस न पडलेल्या त्या प्रदेशात गवत-झुडपं आधीच सुकलेली असतात.

मात्र घर कितीही नीट तयार केलं, तरी माणसांनी निघायचंच आहे, आणि लवकर. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडेनात 7 तारखेच्या संध्याकाळी आग लागली. गावाच्या पश्चिम भागाला घरं सोडण्याचा आदेश मिळाला तो पहाटे सव्वातीनच्या पुढे, आणि मृतांपैकी जवळजवळ सगळे त्याच भागातले होते. कॅलिफोर्नियात आदेशाच्या आधी सहसा ‘इशारा’ दिला जातो. घरात म्हातारी माणसं, लहान मुलं किंवा जनावरं असतील, तर इशाऱ्यालाच निघावं. इशाराही आला नाही आणि धूर, ठिणग्या दिसू लागल्या, तर फोन वाजण्याची वाट पाहू नये. आगीत मोबाइलचे मनोरे बंद पडतात, पॅराडाइजमध्ये तसंच झालं.

निघताना सुती किंवा लोकरीचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट घालावेत, कारण कृत्रिम धागा वितळून अंगाला चिकटतो. खिडक्या-दारं बंद करावीत पण कुलूप लावू नये, म्हणजे अग्निशामकांना आत जाता येतं. दिवे चालू ठेवावेत, धुरात घर दिसतं. पाण्याचे फवारे मात्र चालू सोडू नयेत, त्यानं जलवाहिन्यांतला दाब कमी होतो. वीज गेल्यावर गॅरेजचं दार हातानं कसं उघडायचं, हे घरातल्या प्रत्येकानं एकदा करून पाहावं. 2017 च्या वणव्यांत दार न उघडल्यामुळे माणसं अडकली, तेव्हा कुठे नव्या दारयंत्रांना बॅटरी सक्तीची करणारा कायदा झाला.

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत आणखी एक बाब असते. भारतातून आलेले आईवडील महिनोन् महिने मुक्कामाला असतात. त्यांना गाडी चालवता येत नाही आणि दिवसभर ते घरात एकटेच असतात. त्यांना कोण घेऊन निघणार, हे शेजारच्या एखाद्या कुटुंबाशी आधीच बोलून ठरवावं, घराची एक किल्ली त्यांच्याकडे द्यावी. आपल्या वस्तीचा स्थलांतर-विभाग क्रमांक (घरं सोडण्याचे आदेश ज्या क्रमांकानं दिले जातात तो), शेजाऱ्यांचा फोन आणि भेटायची जागा मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावावी. दाराजवळच्या पिशवीत त्यांची महिन्याची औषधं, चष्मा आणि पासपोर्ट ठेवावेत. पासपोर्ट जळाला तर परतीचं तिकीट असूनही त्यांना नव्या कागदांसाठी वकिलातीच्या फेऱ्या घालाव्या लागतील.