सौर पॅनेलची उत्पादनघट (विदर्भातील घरगुती वापर)

छतावरचे सौर पॅनेल वयानुसार दर वर्षी थोडी थोडी कमी वीज देऊ लागते. पुन्हा भरून न निघणाऱ्या या घटीला उत्पादनघट म्हणतात. सिलिकॉनच्या चांगल्या पॅनेलमध्ये ती साधारणपणे वर्षाला ०.५ ते ०.८ टक्के असते. उष्ण प्रदेशात आणि निकृष्ट जोडणीत याहून जास्त. ३ किलोवॉटचा संच पहिल्या वर्षी ४,२०० युनिट देत असेल, तर ०.७ टक्के दराने विसाव्या वर्षानंतर तो सुमारे ३,६५० युनिट देईल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागले आणि गावोगावी सोलरच्या प्लेटा दिसू लागल्या. त्यामुळे ‘दोनच वर्षांत प्लेटा थकल्या’ ही तक्रारही ऐकू येते. बहुतेक वेळा तिचे कारण वय नसते. पॅनेलवर छापलेली क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, हवा ४५ अंशांवर गेली की पॅनेल ६५ ते ७० अंशांपर्यंत तापते आणि दर अंशामागे ०.३ ते ०.४५ टक्के वीज कमी होते. भर दुपारी सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकी वीज अशी जाते, पण पॅनेल थंड झाले की ती परत मिळते. धुळीचेही तसेच. चंद्रपूर-वणी भागात कोळशाची धूळ, इतरत्र उन्हाळी वखरणीची माती; मृगाचा पाऊस ती बरीचशी धुऊन नेतो.

खरी घट आतून होते. बोरॉन मिसळलेल्या सिलिकॉनमध्ये ऊन लागताच बोरॉन व ऑक्सिजन यांच्या जोड्या तयार होतात आणि सुरुवातीलाच एक-दोन टक्के क्षमता जाते. बोरॉनऐवजी गॅलियम वापरलेल्या नव्या पॅनेलमध्ये हे बरेच कमी असते. पुढची घट संथ असते. काच आणि सेल (वीज तयार करणाऱ्या सिलिकॉनच्या पातळ चकत्या) यांना जोडणारा प्लास्टिकचा थर अतिनील किरणांनी पिवळा-तपकिरी पडतो, मागचे आवरण तडकते, तिथून ओल शिरते आणि धातूच्या पट्ट्या गंजतात. दिवसा तापणे, रात्री निवणे या रोजच्या ताणाने डाखाचे सांधे सैल होतात. उष्णता यातल्या बहुतेक रासायनिक क्रियांना वेग देते, म्हणून विदर्भात जोडणीला फार महत्त्व आहे. टिनपत्र्याला चिकटवून बसवलेल्या पॅनेलखाली हवा खेळत नाही. खाली निदान वीतभर मोकळी जागा असावी, हा खर्च वाचवू नये. आयआयटी मुंबई आणि राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था यांच्या देशव्यापी पाहण्यांतही उष्ण भागातील आणि छतावरील छोट्या संचांची घट जास्त आढळली.

वरवर न दिसणारी इजा आणखी वाईट. बसवताना पॅनेलवर पाय देणे, वानरांच्या उड्या, फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट यांनी काच शाबूत राहूनही सेलला केसासारख्या बारीक चिरा पडतात. कडुलिंबाच्या फांदीची सावली रोज त्याच सेलवर पडत असेल तर तो सेल तापतो आणि वर्षांनुवर्षे तापून जळका डाग पडू शकतो. धुण्याच्या पाण्यानेही नुकसान होते. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीतले पाणी खारे आहे, बोअरच्या पाण्याने धुतले की काचेवर क्षारांचा पांढरा थर बसतो. साठवलेले पावसाचे पाणी आणि मऊ कापड वापरावे. धुणे सकाळी, ऊन चढण्याआधी. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतले तर ती तडकू शकते.

घट ओळखायची तर मे महिन्याची तुलना डिसेंबरशी करून चालत नाही. या वर्षीचा जानेवारी मागच्या जानेवारीशी ताडावा, तोही पॅनेल धुतल्यानंतर, इन्व्हर्टरवरच्या (पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणाऱ्या यंत्रावरच्या) युनिटवरून. वीजबिलावरून अंदाज चुकतो, कारण घरात वापरलेली सौर वीज त्यात दिसत नाही. एकाच महिन्यात उत्पादन दहा-पंधरा टक्क्यांनी कोसळले तर ते वय नव्हे: सैल जोड, बिघडलेला डायोड (विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा पॅनेलमधला छोटा भाग) किंवा इन्व्हर्टर तपासावा. इन्व्हर्टर बहुधा पॅनेलच्या आधीच बदलावा लागतो.

बहुतेक उत्पादक २५ वर्षांनंतर ८० टक्क्यांच्या आसपास क्षमतेची हमी देतात. ही हमी उत्पादकाची असते, बसवणाऱ्याची नव्हे. म्हणून पॅनेलमागचे अनुक्रमांक, मूळ बिल आणि पहिल्या वर्षीच्या महिनावार युनिटची नोंद घरात जपून ठेवावी लागते. फुटलेले पॅनेल भंगारात विकू नये: त्याच्या डाखात शिसे असू शकते आणि २०२२ च्या ई-कचरा नियमांनी सौर पॅनेलचाही त्या कचऱ्यात समावेश केला आहे.